वॅगन आरचे स्टिअरिंग, विलायती पाहुणे आणि म्हापशाचा मेस्त

घाईत असणाऱ्यांसाठी आधीच सांगून टाकते. गाडीचे स्टिअरिंग ढिले वाटत असेल, गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा खड्ड्यातून जाताना पुढच्या चाकापाशी टकटक ऐकू येत असेल, तर गोव्यात म्हापशाहून करासवाड्याकडे जाताना आतल्या एका रस्त्यावर फणसाखाली पत्र्याची शेड आहे, तिथे जा. पाटीवर ‘स्टिअरिंग, सस्पेन्शन’ एवढेच रंगवलेले आहे. नाव लिहायला मालकाने मना केले. “गर्दी नाका, बाय,” म्हणाला. स्विंडनवाला मेस्त (म्हणजे मिस्त्री) म्हणून विचारलेत तर आसपासचे कोणीही वाट दाखवील. एसीसाठी जाऊ नका, पेंटिंगसाठी जाऊ नका, आणि चवथीच्या आधीच्या आठवड्यात तर मुळीच जाऊ नका. तेव्हा अर्ध्या बार्देस तालुक्याला गावच्या घरी जायला गाडी हवी असते आणि मेस्ताला स्वतःच्या घरी गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायची असते.

आता सविस्तर.

मांद्र्याला आमच्या घरामागे तीन खोल्या आहेत, त्या मी हंगामात पाहुण्यांना देते. गाडी २०१४ची वॅगन आर. पाहुण्यांना मोपा विमानतळावरून आणणे, शुक्रवारी म्हापशाचा बाजार करणे, कोणाची दाढ ठणकली तर दवाखान्यात नेणे, अशी तिची कामे. गाडी भाड्याने देत नाही, त्याला काळ्या पाटीचे परमिट लागते आणि तो धंदा वेगळा. समुद्राची खारी हवा, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि वर पर्वरीचे उड्डाणपुलाचे काम, या तिन्हींनी गाडीची पुढची चाके खिळखिळी केली. स्टिअरिंग फिरवले की पहिले बोटभर काहीच व्हायचे नाही, मग गाडी वळायची. पाते सैल झालेल्या आदोळीवर नारळ खवताना हाताला जसे वाटते, तसेच.

पण या दुखण्याची खरी वाच्यता पाहुण्यांनी केली, आणि ज्याने त्याने ती आपापल्या देशाच्या रीतीने केली. हे गॅरेजच्या परीक्षणात कशाला, असे वाटेल. पण मेस्त समजायला ते लागते.

इंग्लंडमधल्या लीड्सचे एक जोडपे दर हिवाळ्यात येते. नवरा जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला. आंतरराष्ट्रीय परवाना काढून येतो आणि माझे गुडघे धरले की बाजाराला गाडी तोच नेतो. त्यांच्याकडे स्टिअरिंग आपल्यासारखेच उजव्या बाजूला, पण इंडिकेटरची दांडी बहुतेक गाड्यांत डाव्या हाताला. आपल्या मारुतीत ती जपानी रीतीने उजव्या हाताला. त्यामुळे पहिले काही दिवस हा प्रत्येक वळणावर वायपर चालू करतो आणि कोरड्या काचेची माफी मागतो. तर या माणसाने एवढी वर्षे स्टिअरिंग हातात धरलेले, त्याला पहिल्याच दिवशी सगळे कळले असणार. बोलला काय? पहिल्या दिवशी म्हणाला, रस्ते फार रंजक आहेत. दुसऱ्या दिवशी जेवताना सोलकढीचा पेला खाली ठेवत म्हणाला, “तुमच्या गाडीला डावीकडचे माड जरा जास्तच आवडतात, नाही?” आणि लगेच सॉरी म्हणून हवापाण्यावर गेला. आमचे हे खो-खो हसले. रात्री त्याची बायको स्वयंपाकघरात आली आणि हळूच म्हणाली, “तो खूप घाबरलाय. त्याच्या तोंडून यापेक्षा जास्त निघणार नाही.”

त्याच आठवड्यात अमेरिकेतल्या सॅक्रामेंटोचे एक निवृत्त मास्तर आले, दोन महिन्यांसाठी. मी त्यांना मोपाहून घेऊन निघाले. पेडण्याच्या अलीकडे वळणावर त्यांनी डॅशबोर्डवर तळहात टेकवला आणि गाडी कडेला घ्यायला सांगितली. हसतमुखाने म्हणाले, की हे स्टिअरिंग सुरक्षित नाही, मी या गाडीत बसू इच्छित नाही, तुम्हीही बसू नये, मी टॅक्सी करतो, आणि दुरुस्तीचा लेखी अंदाज दोन ठिकाणांहून घ्या. ओळख होऊन अर्धा तास झाला नव्हता, घरी पोचून चहासुद्धा झाला नव्हता! मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. कसेबसे रांगत घर गाठले. संध्याकाळी हे गृहस्थ सोप्यावर बसून माझ्याकडून कोकमाच्या झाडाची माहिती घेत होते, जणू काही घडलेच नाही. त्यांच्या लेखी काही घडलेच नव्हते. दोष गाडीचा होता, तो सांगून झाला, विषय मिटला. आमच्या गावात कोणी कोणाच्या गाडीबद्दल असे तोंडावर बोलले असते तर पुढच्या शिगम्यापर्यंत अबोला चालला असता.

यावरून ब्रिटिश गुळमुळीत आणि अमेरिकन रोखठोक असा हिशेब मांडू नये. मागे एकदा ग्लासगोची एक बाई येऊन राहिली होती. ती सगळ्याच गोष्टी अशा भाषेत सांगायची की सॅक्रामेंटोचे मास्तर तिच्यापुढे लाजाळूचे झाड वाटावेत. आणि ती तर लीड्सवाल्याच्याच बेटावरची.

मग मी गाडी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. नाव घेत नाही. थंडगार काचेची खोली, कॉफीचे यंत्र, टाय लावलेला मुलगा. स्टिअरिंगचा पिवळा दिवाही अधूनमधून लागत होता. त्यांनी गाडीला संगणक जोडला आणि छापील कागद दिला: इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगची कॉलम असेंब्ली (स्टिअरिंगखालचा मोटरसकट दांडा) बदलावी लागेल, अंदाजे अठ्ठावीस हजार. गाडी लिफ्टवर चढवली का, विचारले. गरज नाही म्हणाले. कागद घेऊन घरी आले. मास्तरांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला आणि मुद्द्याचा प्रश्न विचारला: “यात आवाजाचे कारण कुठे आहे?”

ते कारण शोधले पर्थच्या एका नर्सने. तिसऱ्या खोलीत उतरलेली, तिशीची मुलगी, बोलणे अगदी मोजके. अंगणात माझी चटई अंथरली, मोबाईलची बॅटरी लावली आणि उताणी गाडीखाली सरकली. थोड्या वेळाने आतून हात बाहेर आला, बोटांवर तांबडा चिखल. स्टिअरिंग रॅकच्या, म्हणजे चाके वळवणाऱ्या दातेरी दांड्याच्या, टोकाला जो घड्याघड्यांचा रबरी बूट असतो, तो डाव्या बाजूचा फाटला होता. आत पावसाचे पाणी आणि माती जाऊन ग्रीसचा राडा झाला होता. हे कुठे शिकलीस, विचारले तर म्हणाली, बापाच्या मेंढरांच्या फार्मवर. जवळचे गॅरेज तासाभराच्या अंतरावर, आणि तिच्या वेस्टर्न ऑस्ट्रेलियात खासगी गाडीची दरवर्षी तपासणी सक्तीची नाही, म्हणून ज्याची गाडी त्यानेच बघायची. देश एकच, पण न्यू साउथ वेल्समध्ये पाच वर्षांवरच्या गाडीला दरवर्षी तपासणीचा कागद लागतो.

म्हापशाच्या आमच्या नेहमीच्या टायरवाल्याने तेव्हा मेस्ताकडे धाडले. मास्तरही बरोबर आले, टॅक्सीने.

मेस्त पंचेचाळिशीचा, पेडणे तालुक्यातलाच. पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमधल्या स्विंडनला गेला होता. तिथे गोंयकारांची मोठी वस्ती आहे, कोणाचा ना कोणाचा भाचा तिथे असतोच. तो तिथे एका तपासणी गॅरेजात मदतनीस होता आणि काही वर्षांनी आईच्या आजारपणात परत आला. शेडमध्ये शिरलात की पहिली गोष्ट नजरेत भरते ती जमीन. गुळगुळीत सिमेंट, तेलाचा डाग नाही.

त्याने संगणक जोडला नाही. हाताखालच्या पोराला गाडीत बसवले, इंजिन बंद, आणि स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे अगदी थोडे थोडे हलवत राहायला सांगितले. स्वतः खाली जाऊन एकेका सांध्यावर बोटे टेकवली. जिथे सांधा झिजलेला असतो तिथे हालचालीच्या आधी एक बारीक ठोका बोटाला लागतो, आवाज येवो न येवो. मला वाकायला लावून माझेही बोट तिथे ठेवले. लागला ठोका! मग चाक जॅकवर उचलून आडवे धरून हलवले, मग उभे धरून हलवले. आडवे हलते तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड (रॅक आणि चाक जोडणाऱ्या दांडीच्या दोन टोकांचे सांधे), उभे हलते तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. आमचे आडवे हलत होते. फाटक्या बुटाच्या आत बोट घालून त्याने रॅक एंडही डुगडुगताना दाखवला.

आणि तो पिवळा दिवा? बॉनेट उघडून त्याने बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल आणि बॉडीला जाणारी अर्थची वायर सोडवली. समुद्राच्या हवेने दोन्हींवर हिरवट-पांढरी बुरशी धरली होती. पॉलिश पेपरने घासून चकाचक केली, आवळली, वर ग्रीस लावले. स्टिअरिंगची मोटर एका झटक्यात बराच करंट ओढते. अर्थ कच्चा असला की व्होल्टेज पडते आणि कंट्रोलर रुसून दिवा लावतो. “बाय, कॉलम बरो आसा,” म्हणाला. अठ्ठावीस हजारांचे दुखणे पॉलिश पेपरच्या एका तुकड्यावर आटोपले. दिवा तेव्हापासून लागलेला नाही.

सांधे बदलण्याचे काम मी समोर उभे राहून पाहिले. टाय रॉड एंड काढताना सर्रास हातोडा मारतात, याने पुलर लावून तो काढला. काढण्याआधी लॉक नटपाशी पांढऱ्या रंगाची खूण केली आणि सांधा किती फेऱ्यांत सुटतो ते पुटपुटत मोजले. नवा तितक्याच फेऱ्यांत बसवला, म्हणजे अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत गाडी तिरकी चालत जाणार नाही. रॅकचे दात पुसून नखाने चाचपले. गंज वरवरचा निघाला, म्हणून रॅक वाचला. बूट दोन्ही बाजूंचे बदलले, कारण उजवाही तडकायला आलेला होता. नवी स्प्लिट पिन घातली. जुनी वाकवून परत घालणारे मेस्त मी पाहिलेले आहेत.

काम चालू असताना त्याच्या गप्पा. ब्रिटनमध्ये १९६० साली गाड्यांची सक्तीची तपासणी सुरू झाली तेव्हा ती दहा वर्षांवरच्या गाड्यांना होती आणि तपासायचे ते ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग. आता तीन वर्षांनंतर दरवर्षी. लीड्सवाला इतका गुळमुळीत का, याचे उत्तर मला इथे मिळाल्यासारखे वाटले. तिकडे कटू बोलायचे काम वर्षातून एकदा सरकारी कागद करतो, शेजाऱ्याने कशाला तोंड वाईट करावे? पण मास्तरांनी ते लगेच खोडले: कॅलिफोर्नियात धुराची तपासणी असते, स्टिअरिंगची नाही, पेनसिल्व्हेनियात मात्र दरवर्षी सगळी, आणि टेक्सासने २०२५पासून खासगी गाड्यांची सुरक्षा तपासणी बंदच केली. एका देशात एवढ्या तऱ्हा. आपल्याकडे खासगी गाडीच्या फिटनेसचा प्रश्न पंधरा वर्षांनी येतो. तोपर्यंत पीयूसीच्या नळीखेरीज गाडीखाली कोण बघतो?

मास्तरांना उजव्या बाजूच्या स्टिअरिंगचे फार अप्रूप. त्यांच्याकडे तसे स्टिअरिंग म्हणजे टपालवाल्याची गाडी, रस्त्याकडेच्या पेटीत बसल्या जागेवरून पत्रे टाकता यावीत म्हणून. गोवा पोर्तुगीजांचा होता तर इथे डावीकडून कसे चालवता, असे त्यांनी विचारले. मेस्ताला हे ठाऊक होते: पोर्तुगालने १९२८ साली उजवी बाजू धरली, पण गोव्याची हद्द ब्रिटिश हिंदुस्थानाला लागलेली, म्हणून गोवा डावीकडेच राहिला, मोझांबिकसुद्धा. मास्तरांनीही आपल्या बाजूने भर घातली, की आता कॅनडात असलेल्या न्यूफाउंडलंडमध्ये १९४७पर्यंत डावीकडूनच वाहने चालत, मग तेही शेजाऱ्यांसारखे उजवीकडे गेले. शेजार बघून बाजू ठरवायची, यात इंग्रजी आणि पोर्तुगीज दोघेही सारखेच व्यवहारी.

मग थोडा खटका उडाला. काम संपल्यावर मास्तरांनी जुने भाग मागितले. मेस्ताचा चेहराच उतरला. त्याला वाटले, हा मला चोर समजतो. स्विंडनच्या त्याच्या गॅरेजात गिऱ्हाइकाने जुने सुटे भाग मागितले तर तो संशयच मानत. मास्तरांना कळेना की यात बिनसले काय. कॅलिफोर्नियात काम देताना मागितले तर जुने भाग परत देणे गॅरेजवाल्याला कायद्याने बंधनकारक आहे, लेखी अंदाजही, आणि तिथे त्याचा कोणाला राग येत नाही. मधल्या मध्ये माझी दुभाष्याची कसरत. मी मेस्ताला सांगितले की हा माणूस माझ्या गाडीलाही पहिल्या अर्ध्या तासात नापास करून मोकळा झाला, मनात काही ठेवत नाही. तेव्हा कुठे हसला. आणि पोराने कचऱ्याच्या डब्यातून झिजलेला सांधा काढून दिला. हातात धरून त्या सांध्याची मान हलवली तर तो लुळा पडत होता. नंतर हेडलाइटच्या कामाला गेले तेव्हा पाहिले, आता तो सगळ्यांचेच जुने भाग पिशवीत बांधून मागच्या सीटवर ठेवतो.

त्याच्या कागदाबद्दल सांगायलाच हवे, कारण मला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट तीच. ब्रिटनच्या तपासणीत २०१८पासून दोषांच्या पायऱ्या आहेत: धोकादायक, मोठा, किरकोळ, आणि त्याखाली नुसती सूचना. मेस्ताने त्याचे आपल्यापुरते रूप केले आहे. वहीच्या पानावर हाताने तीन ओळी: ‘आज करा’, ‘पावसाआधी करा’, ‘लक्ष ठेवा’. माझ्या कागदावर पहिल्या ओळीत सांधे आणि बूट, दुसरीत पुढचे टायर, तिसरीत लोअर आर्मचे बुश. तिसऱ्या ओळीतली कामे आज करून घ्या असा त्याचा आग्रह नाही, आणि पहिल्या ओळीतले काम पुढे ढकलायला निघालात तर गाडी बाहेर काढून देईल पण तोंड फिरवील.

खर्च: दोन टाय रॉड एंड, दोन रॅक एंड, दोन बूट, मजुरी आणि बाहेरच्या दुकानातले अलाइनमेंट मिळून पाच हजार सहाशे. अलाइनमेंटचे यंत्र त्याच्याकडे नाही. पण तो स्वतः गाडीत बसून टायरवाल्याकडे येतो आणि स्टिअरिंग सरळ धरून चाके सरळ आहेत हे पाहिल्याशिवाय हलत नाही. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. मास्तरांनी निघताना पोराच्या हातात पाचशेची नोट ठेवली. पोरगा मेस्ताकडे बघू लागला. त्यांच्या देशात हॉटेलच्या पोऱ्यापासून सगळ्यांना बक्षिशीची सवय. पर्थच्या नर्सला ही बातमी कळली तेव्हा तिने बिअरचा एक खोका धाडला, त्यांच्याकडे कारागिराचे आभार असे मानतात म्हणे. मेस्त पीत नाही. खोका शेजारच्या वेल्डरकडे गेला आणि माझ्या गेटची बिजागरी फुकटात दुरुस्त झाली.

उणे काय? पुष्कळ आहे. बसायला एक प्लास्टिकची खुर्ची, तिचाही एक पाय तुटका. बायकांसाठी संडासाची सोय नाही. तीन-चार तासांचे काम असेल तर हा मोठाच प्रश्न आहे आणि मी त्याला तसे स्पष्ट सांगितले. (मास्तरांचा गुण लागला.) वेळ देतो ती पाळत नाही. सकाळी सांगितले तर संध्याकाळ धरा. बिल वहीच्या पानावर, जीएसटीची पावती नाही, म्हणजे इन्शुरन्सच्या क्लेमला उपयोग शून्य. स्टिअरिंग मोटरची इलेक्ट्रॉनिक्स उघडत नाही, आणि तसे आधीच सांगतो. शिवाय फोनवर आवाज ऐकून निदान करायला लावलेत तर चिडतो.

मध्ये एक पावसाळा गेला. बूट कोरडे आहेत, टकटक नाही, स्टिअरिंग सैल धरले तरी गाडी सरळ जाते. तिसऱ्या ओळीतले बुश डिसेंबरात करून घेणार आहे, पाहुण्यांची वर्दळ सुरू व्हायच्या आत.

जाणार असाल तर सकाळी नऊला शेडवर पोचा. दुपारी एक ते साडेतीन तो घरी जेवून झोपतो, तेव्हा फोन करून उपयोग नाही. आणि पैसे रोख न्या, पत्र्याखाली नेटवर्क येत नाही.